चिंचकांपाची पंधरा मिनिटं

गुडलँड्सहून राजधानीला, पोर्ट लुईला, जाणारी सकाळची बस सुटली की खिडकीबाहेर ऊस सुरू होई, आणि ऊस सुरू झाला की कृष्णदेव संपे. देह तेवढा तिकिटापुरता सीटवर उरे. बाकीचा कृष्णदेव उसाच्या शेंड्यांवरून तरंगत कुठे तरी हार घालून घेत असे, नाही तर कुणा बड्या माणसाच्या प्रश्नाला फार सुंदर उत्तर देत असे. कंडक्टर सत्यदेव त्याच्याच गावचा. पांपलमूस आलं की तो कृष्णदेवच्या खांद्याला हात लावी. उतरायला अजून सात मैल असत, पण ह्या माणसाला परत आणायला तेवढा वेळ लागतोच, हे सत्यदेवला अनुभवानं ठाऊक होतं.

अशा माणसावर त्याच्या गावानं, चिंचकांपनं, सभागृह मिळवायचं काम सोपवलं, ह्यात गावाला फार दोष देता येणार नाही. गावात सरकारी नोकरी असलेला तो एकटा, आणि टाय असलेलाही तो एकटाच.

झालं होतं असं. साठ सालच्या वादळानं गावची बैठका उडवून नेली. बैठका म्हणजे पत्र्याची एक खोली. तिथे गणपती बसायचा, लग्नाची बोलणी व्हायची, आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी कृष्णदेवची बायको अनुसया पोरांना मराठी मुळाक्षरं शिकवायची. पत्रे नंतर शेजारच्या बदामकांपच्या उसात सापडले, पण तोवर त्यांना पत्रे म्हणण्यात अर्थ राहिला नव्हता. तेव्हापासून शाळा आंब्याखाली भरू लागली. त्या बाजूला पावसाची सर ऊन असतानाच येते आणि कुणाला विचारून येत नाही. ती आली की पाट्या पुसल्या जात, पोरं घरी पळत, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. "दीड वर्षात आम्ही चार वेळा 'ग'पर्यंत पोचलो," असं अनुसया एकदा जेवताना शांतपणे म्हणाली. कृष्णदेवनं हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाला, "तुला छप्पर मी मिळवून देईन." मग त्यानं घास उचलला. पण शब्द गेला तो गेला.

आणि योग असा की महिन्याभरात सरकारी पत्र आलं. ह्या भागात एक सभागृह बांधायचं होतं, एकच. चिंचकांपला द्यावं की दीड मैलावरच्या बदामकांपला, हे ठरवायला समिती दोन्ही गावांना भेट देणार होती. प्रत्येक गावाच्या प्रतिनिधीनं नकाशासह पंधरा मिनिटांत आपली बाजू मांडायची. पंधरा मिनिटांनी घंटा होईल, घंटेनंतर निवेदन ऐकलं जाणार नाही, अध्यक्ष फार तर एक प्रश्न विचारतील. शिवाय निवेदन करणारं मंडळ नोंदणीकृत हवं.

चिंचकांपमध्ये मंडळ होतं, पण ते नोंदणीनं नव्हे, भांडून भांडून टिकलेलं होतं. मंडळांची नोंदणी करणारी कचेरी पोर्ट लुईला, आणि तिथे अर्ज तपासणारं टेबल कृष्णदेवचंच. गाव म्हणालं, चला, घरचंच काम. गावाला कृष्णदेव ठाऊक नव्हता. त्यानं चिटणीस म्हणून अर्ज लिहिला, घरून टपालात टाकला, तिसऱ्या दिवशी कचेरीत कारकून म्हणून तो उघडला, आणि चिटणिसाची सही चौकटीबाहेर गेलेली पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली. नियम म्हणजे नियम. अर्ज परत गेला. चार दिवसांनी पोस्टमननं तो घरी आणून दिला, तेव्हा कृष्णदेव ओट्यावर उभ्या उभ्याच तो वाचत राहिला.

"भाषा जरा कडक आहे," तो म्हणाला.

"कुणी लिहिलीय?" अनुसयेनं विचारलं.

"मीच."

दुसऱ्या अर्जात सही चौकटीत बसली. नोंदणी झाली. आता राहिलं भाषण.

भाषणाचं नुसतं नाव निघायचा अवकाश, सल्ले देणारे अंगणात जमू लागले. पहिला सत्यदेव. तो रोज राजधानी पाहून येणारा माणूस, त्यामुळे त्याचा शब्द जड. "फ्रेंचमधी बोल," तो म्हणाला. "साहेब लोक फ्रेंच ऐकला की सरळ बसतात. मी बसमधी रोज बगतो."

शेजारच्या भगवती मावशीला हे पटलं नाही. "आन् आमी काय करायचं? तोंड बगत बसायचं? क्रेओल बोल बाबा. साहेबाला पन कळंल, माज्या शेळीला पन कळंल."

मृदंग वाजवणारे बलराम काका ऊसतोडणीतून निवृत्त झाले होते, पण बाकी कशातूनच नाही. ते म्हणाले, "पयले गनपतीचं नाव. ते मराठीत. मंग तुमी चीनची भाशा बोला."

तेव्हा असं ठरलं की आरंभ गणेशाला वंदन करून, मग सरकारचा मान राखायला इंग्रजीत एक वाक्य, सत्यदेवचा मान राखायला फ्रेंचमध्ये अर्धं, आणि पुढे सगळं क्रेओलमध्ये, म्हणजे तिथल्या रोजच्या बोलीत. (हे क्रेओल मी इथे मराठीत सांगतो आहे. त्यात त्याची थोडी लज्जत जाते, पण भाषणातल्या चुकाही जातात.)

मग भाषणात सांगायचं काय, ह्यावर दोन संध्याकाळी गेल्या. भगवती मावशीचं म्हणणं पक्कं होतं. "पोरगी दाखवायला बसवली की आपन काय सांगतो? रांधते चांगलं, गाते चांगलं. हुंडा न्हाय, हे पयल्या झटक्याला सांगतो का? आधी गावाचा मोठेपना सांग. आमी कसे एक हाओत, कसे वादळातनं उबे राहिलो. मंग शेवटी हळूच म्हन, छप्पर तेवडं न्हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कृष्णदेवला तर ते फारच पटलं, कारण त्याच्या मनातल्या भाषणात मागणीला जागाच सापडत नव्हती, गौरवच इतका होता.

अनुसया आत रोटी भाजत होती. ती दारात आली आणि म्हणाली, "आधी मागणं सांगा. छप्पर पाहिजे म्हणा. मग वेळ उरला तर मोठेपणा सांगा."

कृष्णदेवनं तिला फार मायेनं समजावलं की भाषणाचं एक शास्त्र असतं, मागणं शेवटी येतं, तेव्हा ऐकणाऱ्याचे डोळे आधीच ओले झालेले असतात. अनुसया म्हणाली, "माझी रोटी जळतेय," आणि आत गेली.

भाषण लिहून झालं. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. पुढच्या बाजूला गावाचा गौरव, मागच्या बाजूला गावाची गरज. पण ते पाठ होईना. कृष्णदेव तिसऱ्या ओळीपर्यंत येई आणि त्याला समोर टाळ्या वाजवणारे लोक दिसू लागत. मग तो त्यांना नमस्कार करण्यात गुंतून जाई, आणि चौथी ओळ तशीच राही.

उपाय बलराम काकांनी काढला. गणपती जवळ आला होता. आंब्याखाली रोज संध्याकाळी झाकरीचा सराव चाले. झाकरी म्हणजे गोल उभं राहून, मृदंगाच्या तालावर पाय टाकत गाणं. एक जण ओळ म्हणतो, बाकीचे सगळे तीच ओळ उचलून धरतात. तिकडे झाकरीची गाणी कुणी वहीतून शिकत नाही. शंभर सव्वाशे वर्षं ती अशीच आजोबांच्या तोंडातून नातवाच्या तोंडात आली, आणि वाटेत एक ओळही सांडली नाही, असं काकांचं म्हणणं. "कागद डोक्यात न्हाय राहत, किस्ना," ते म्हणाले. "ताल राहतो. तू ओळ सोड, आमी धरतो. बग कसं बसतंय."

आणि बसलं की हो. गणपतीच्या दोन गाण्यांच्या मधे रोज कृष्णदेवचं भाषण होऊ लागलं. "आमच्या गावी दोनशे पावलांवर समुद्राचा वारा येतो," कृष्णदेव म्हणे. "समुद्राचा वारा येतो," गोल म्हणे. धिन् धा. "आमची माणसं वादळात एकमेकांची दारं धरून उभी राहिली." "दारं धरून उभी राहिली." तीन आठवड्यांत भाषण त्याला पाठ झालं. त्यालाच काय, गावाला झालं. भगवती मावशी इंग्रजी वाक्य म्हणत शेळी बांधू लागली. बायका पाणी भरताना "आमचा ऊस, आमचा घाम" ही ओळ म्हणत, आणि ती म्हणताना त्यांचा पाय आपोआप डाव्या बाजूला पडे.

वेळ मोजणं तेवढं राहिलं होतं. ते काम कृष्णदेवनं फार काळजीपूर्वक केलं. एका शनिवारी दुपारी कचेरीतून परतताना तो पांपलमूसला उतरला आणि बागेत मोठ्या कमळांच्या तळ्याशी जाऊन उभा राहिला. पाण्यावर परातीएवढी हिरवी पानं, काठ वर दुमडलेले, एकामागे एक, सभेला येऊन बसल्यासारखी. कुणी खोकत नव्हतं, कुणी सल्ला देत नव्हतं. ऊन पाण्यात उतरून हलत होतं. कृष्णदेवनं खिशातलं घड्याळ दगडावर ठेवलं आणि त्या पानांना उद्देशून हळू, गोड आवाजात सगळं भाषण केलं. शेवटचा शब्द संपला तेव्हा घड्याळात बरोबर पंधरा मिनिटं झाली होती. सेकंदसुद्धा इकडे तिकडे नाही. एका पानावरून एक लहानसा पक्षी चालत गेला. कृष्णदेवला वाटलं, आपण आयुष्यात एक गोष्ट तरी अगदी नेमकी केली. तो इतका सुखावला की त्याची बस गेली, तिच्या मागचीही गेली, आणि त्याला काही वाटलं नाही.

नकाशाचं सांगायचं राहिलं. एवढा मोठा कागद मिळेना, म्हणून तो मैद्याच्या धुतलेल्या पोत्यावर काढला. पोतं चार वेळा उकळलं तरी गिरणीच्या छापातला सिंह काही जाईना. शेवटी सिंहाच्या भोवतीनं गाव काढलं. नियोजित सभागृहाची जागा सिंहाच्या जबड्यात आली, पण कृष्णदेव म्हणाला की त्यानं लक्ष वेधलं जाईल.

गणपती समुद्रात पोचवून आठ दिवस झाले आणि समिती आली. दोन वाजता ती बदामकांपला गेली, तीन वाजता चिंचकांपला. आंब्याखाली टेबल, टेबलावर धुतलेली चादर, चादरीवर पितळेची छोटी घंटा. अध्यक्ष साहेब वयस्कर, मऊ चेहऱ्याचे गृहस्थ होते. घंटेशेजारी त्यांनी आपलं घड्याळ काढून ठेवलं. समोर सारं गाव बसलं होतं. बलराम काकांनी मृदंग आणला होता. का आणला असं कृष्णदेवनं विचारलं तेव्हा काका म्हणाले, "असावा. मी कुटं वाजवतोय." अनुसया पोरांना घेऊन पहिल्या रांगेत होती. तिनं नवी साडी नेसली होती आणि ती कृष्णदेवकडे पाहतच नव्हती, म्हणजे तिला फार काळजी वाटत होती.

कृष्णदेव उभा राहिला. टाय सरळ केला. वंदन झालं, इंग्रजी वाक्य झालं, अर्धं फ्रेंच झालं. मग तो म्हणाला, "आमच्या गावी दोनशे पावलांवर समुद्राचा वारा येतो."

"समुद्राचा वारा येतो," गाव म्हणालं.

त्यांचा काही दोष नव्हता. तीन आठवडे रोज ते वाक्य त्यांच्याकडे येत होतं आणि ते झेलत होते. आज ते एकटं जमिनीवर पडू द्यायचं, हे कुणाच्या जिवाला मानवलं नसतं. कृष्णदेव क्षणभर दचकला. पण अध्यक्ष साहेब हसले. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि हनुवटीला हात लावला. मग मागून मृदंगावर एक थाप पडली. वाजवणार नव्हते ते काका.

आणि खरं सांगायचं तर ते फार सुंदर झालं. आंब्याची सावली हलत होती, उसावरून वारा येत होता, कृष्णदेव ओळ सोडत होता आणि दोनशे माणसं ती उचलत होती. भगवती मावशी उभी राहिली. मग सगळेच उभे राहिले, आणि उभं राहिल्यावर पाय थोडाच गप्प बसतो. वादळ आलं, दारं धरली गेली, ऊस झाला, घाम झाला, गणपती समुद्राला पोचला. आंब्याखाली मुलं अक्षरं गिरवतात ही ओळ आली तेव्हा पोरांनी पाट्या वर धरल्या. कृष्णदेव आता बसमधल्या खिडकीशी होता, तळ्याकाठी होता, उसाच्या शेंड्यांवर होता. हे त्याचं जन्माचं स्वप्न होतं आणि आज ते उघड्या डोळ्यांनी चाललं होतं. त्यानं कागद उलटला.

घंटा वाजली.

कृष्णदेवला आधी ती झांज वाटली. मग त्यानं घड्याळाकडे पाहिलं. पंधरा मिनिटं. त्याच्या हातात कागदाची मागची बाजू होती, एकही शब्द न वाचलेली. कमळाच्या पानांनी एकही ओळ परत म्हटली नव्हती. चिंचकांपनं प्रत्येक ओळ परत म्हटली होती. हा साधा हिशेब त्याच्या डोक्यात आत्ता, ह्या घटकेला शिरला.

"साहेब, मुद्दा राहिला," तो म्हणाला.

"मुद्दा राहिला," गाव म्हणालं. धिन् धा.

"थांबा जरा."

"थांबा जरा."

"अहो गप्प बसा."

"गप्प बसा," गावानं फार गोड सुरात म्हटलं, आणि पोरांनी एक फेरी घेतली.

अध्यक्ष साहेबांनी हात वर केला. निवेदन संपलं, ते म्हणाले, नियम म्हणजे नियम. हे वाक्य कृष्णदेवनं आजवर शेकडो लोकांना ऐकवलं होतं, ते असं लागतं हे त्याला माहीत नव्हतं. "एक प्रश्न मात्र विचारतो," साहेब म्हणाले. "ही मुलं खरंच ह्या झाडाखाली शिकतात? इतकं छान?"

कृष्णदेवनं अनुसयेकडे पाहिलं. दीड वर्षाचं सगळं त्याच्या मनात दाटून आलं. "हो साहेब," तो अभिमानानं म्हणाला. "ह्याच झाडाखाली. माझी बायको शिकवते. फार छान शिकवते."

अनुसयेनं पदर तोंडावर घेतला. साहेबांनी काही तरी लिहून घेतलं आणि समिती गाडीत बसून गेली.

बदामकांपच्या चंद्रमोहननं काय भाषण केलं, ते संध्याकाळी सत्यदेवनं बातमी आणून सांगितलं. चंद्रमोहन उभा राहिला, त्याचा कागद सापडेना, तो घामाघूम झाला, "सायेब, छप्पर न्हाय, छप्पर द्या" एवढं म्हणाला आणि खाली बसला. एक मिनिटसुद्धा घेतलं नाही. अंगण पोट धरून हसलं. भगवती मावशी म्हणाली, "आयो, बिचारा." अनुसया तेवढी हसली नाही.

निकालाची प्रत कृष्णदेवच्याच टेबलावर आली, कारण मंडळाची फाईल त्याच्याकडे. त्यात लिहिलं होतं की चिंचकांप येथील ग्रामस्थ सभागृहाविनाही आदर्श सामूहिक जीवन जगत असून तेथील बालवर्ग वृक्षछायेत उत्तम प्रकारे चालत असल्याची खुद्द प्रतिनिधींनी ग्वाही दिली आहे, सबब सभागृहाची निकड बदामकांप येथे अधिक आहे. कृष्णदेवनं त्यावर 'मिळाले' असा शिक्का मारला. मग तो शिक्का हातात धरून बराच वेळ बसला. त्या संध्याकाळी बसमध्ये त्यानं खिडकीबाहेर पाहिलं नाही. सत्यदेवला पांपलमूसला हात लावावा लागला नाही, आणि त्याचं त्याला वाईट वाटलं.

घरी कृष्णदेव म्हणाला, "तू सांगितलं होतंस."

"हो," अनुसया म्हणाली. तिनं त्याच्या पानात भात वाढला. थोड्या वेळानं म्हणाली, "फार छान शिकवते, असं दोनशे माणसांपुढं म्हणायची गरज होती का?"

"ते खरं होतं."

"म्हणूनच म्हणते," ती म्हणाली, आणि आणखी भात वाढला.

पुढच्या साली जूनमध्ये, उसाला तुरे आले तेव्हा, चंद्रमोहन सायकलवरून चिंचकांपला आला. तो ओट्यावर टेकला, पाणी प्यायला. मग म्हणाला, "भावजी, छप्पर झालं. फळा पन दिलाय सरकारनं, बाक दिलेत. पन आमच्याकडं शिकवायला कुनी न्हाय. दार उगडतो, झाडतो, बंद करतो. वैनी येतील का? तुमची पोरं घेऊनच या."

अनुसया म्हणाली, "हे सोडायला येणार असतील तर येते."

तेव्हापासून आठवड्यातून तीन संध्याकाळी चिंचकांपची पोरं ओळीनं उसातून दीड मैल चालत जाऊ लागली. पुढं अनुसया, मागं पाट्यांची पिशवी घेऊन कृष्णदेव. दोन्हीकडे उसाचे रुपेरी तुरे, मधून कलंडलेलं ऊन, आणि समुद्राचा वारा, जो भाषणात सांगितला होता तसाच येत असे. कृष्णदेव मधेच कुठं तरी हरवे, मग पोरांपैकी कुणी त्याच्या खांद्याला हात लावी.

पहिल्याच संध्याकाळी चंद्रमोहननं आग्रह धरला की भावजींनी दोन शब्द बोलावेत. कृष्णदेव उभा राहिला. समोर दोन्ही गावांची साठ पोरं, भिंतीशी उभी असलेली मोठी माणसं, टेबलावर घंटा नाही. त्यानं खिशात हात घातला तर तोच कागद निघाला, धोब्याकडे एकदा जाऊन आलेला. पुढची बाजू विरली होती. त्यानं तो उलटा केला.

"आधी मागणं," अनुसया पहिल्या बाकावरून हलकेच म्हणाली.

"आम्हाला छप्पर हवं आहे," त्यानं वाचलं.

"छप्पर हवं आहे," पोरं म्हणाली, आणि बोलता बोलता साठच्या साठ माना वर झाल्या.

"आम्हाला काळा फळा हवा आहे."

"काळा फळा हवा आहे." सगळ्यांनी फळ्याकडे पाहिलं. त्यावर अनुसयेच्या हातचा 'अ' होता.

"सर आली तरी पाटी पुसली जाऊ नये, एवढंच मागणं आहे," कृष्णदेवनं वाचलं. बाहेर खरोखरच एक सर येऊन पत्र्यावर वाजू लागली होती. पोरांनी सवयीनं पाट्या पोटाशी धरल्या, मग लक्षात आलं तशा एक एक करून खाली ठेवल्या.

"एवढंच मागणं आहे," पोरं म्हणाली, आणि ह्या वेळी त्यांच्यात अनुसयेचाही आवाज होता.